माजी

'माजी' हा शब्द सकाळपासून मी चारदा उच्चारलाय.
माजी सभासद हाइनो लासिक, एस्टोनिया.
माजी सभासद बेल्मिरू तावेरा, इथलेच,
आधी लिस्बनला बसले, मग स्ट्रासबुर्गला.
माज उतरल्यावर किती दिवसांनी माणूस माजी होतो
ते कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नाही.

मी दुभाषी. पूर्वी काचेच्या खोलीतून
दोघांच्याही कानात बोलायचे.
आता भाड्याच्या गाडीत, मागच्या सीटवर,
मांडीवर पितळी पाटी:
'युरोपचा सामायिक वारसा', खाली बारीक दोन ओळी.
दर वळणाला ती पोटात टोचते.

उर्झाल गावात माणसं एकतीस.
सभेला आली नऊ, आणि एक कुत्रा,
जो उपसूचना मांडावी तसा दोनदा भुंकला.
शाळा बंद, म्हणून सभा शाळेत.
बाकं सहा वर्षांच्या मापाची,
हाइनोंचे गुडघे हनुवटीला.
बेल्मिरू बोलत होते: नागरिकांचा सहभाग, स्मृती, दगडांची भाषा.
मी हाइनोंच्या कानाशी पुटपुटत होते
अर्धं वाक्य पुढे राहून.
ही वाक्यं कुठे जाऊन बसतात
मला पाठ आहे.

मग देओलिंदा उठली. काळा स्वेटर, कोपरावर रफू.
"पाटी कुठे लावणार?"
"धुण्याच्या टाक्यावर. अडीचशे वर्षांचं आहे ते."
"त्यात पाणी नाही."

"चाळीस जणी असायचो आम्ही तिथे.
धुणीही तिथे, उणीदुणीही तिथे.
कुणाचा नवरा फ्रान्सहून परतणार नाही,
ऑगस्टात पाट आधी कुणाच्या मळ्यात वळवायचा,
सगळं ठरायचं.
मतदान नाही. हात साबणात असायचे.
मग आगगाडी बंद झाली.
पोरी गेल्या. झऱ्याचं तोंड उपसायला कोणी उरलं नाही.
तुम्ही तेव्हा सभागृहात होता ना, साहेब?
उभे राहिलात, की बसून होतात?"

तिथे मत असंच देतात, उठून.
मी हाइनोंना तेवढं समजावलं.
बेल्मिरू फळ्याकडे बघत राहिले.
फळ्यावर कुणीतरी कधीतरी
भागाकार अर्धा सोडलेला.

"काय म्हणाले ते?" हाइनोंनी विचारलं.
काही नाही.
"म्हणजे 'काही नाही' असं म्हणाले?"
नाही. काहीच म्हणाले नाहीत.

वीस वर्षं मी शब्द पोचवले.
हे मला कसं पोचवायचं कळेना.

"अर्थसंकल्प होता," शेवटी ते म्हणाले.
"शेकडो कलमं, जेवणाच्या आधी.
उठायचं, बसायचं, उठायचं.
गाडी आठवत नाही.
गुडघे दुखल्याचं आठवतं."
मग, अगदी हळू,
"उभा राहिलो होतो."

मला वाटलं, आता रडेल कुणी, किंवा शिवी देईल.
देओलिंदानं खुंटीवरचं फावडं काढलं.
"बरं," ती म्हणाली. "मग आता वाका."

दुपारभर आम्ही ओल्या पानांत.
हाइनोंच्या पँटी पोटऱ्यांपर्यंत वर,
पाय मुळ्यासारखे पांढरे.
त्यांच्या आजीकडेही असंच टाकं होतं, ते मला सांगत होते,
हिवाळ्यात बर्फ फोडून कपडे खळबळायची ती,
आणि मी ते भाषांतर करून सांगायची गरज नव्हती,
ते हातांनीच खळबळून दाखवत होते.
बेल्मिरूंना दगड चुकीच्या बाजूनं उचलला म्हणून
तीन बायका एकदम ओरडल्या.
ओरडण्यात जुना सराव दिसत होता.

चारच्या सुमाराला आत कुठेतरी
घसा खाकरल्यासारखा आवाज झाला.
मग चिखल. मग करंगळीएवढी धार,
तीही पाटातल्या फटीतून भलतीकडे पळणारी.
देओलिंदानं इकडे तिकडे पाहिलं,
माझ्या काखेतली पाटी ओढून घेतली
आणि फटीत खोचली. अक्षरं आतल्या बाजूला.
"मापाची आहे," ती म्हणाली.

अंधार पडताना गाडीपाशी आली.
"उद्या किती वाजता?"

मी दोघांनाही सांगितलं, दोन्ही भाषांत.
एकाला गरज नव्हती, तरी.