बद्द

प्रदर्शनाच्या दारात गळ्यात अडकवलेल्या पट्टीवर
माझं नाव चुकलं होतं: भागवत सुपडू ताडये.
मी तायडे करून मागितलं नाही.
चुकलेलं वाचणं हाच तर धंदा.

जळगावात जानेवारीचं ऊन, मंडपात लाल जाजम,
डावीकडे ठिबकच्या नळ्या, उजवीकडे सौर पंप,
आणि मधल्या रांगेत काचेमागे
ती. शाळेतल्या फूटपट्टीएवढी लांब, बोटभर जाड,
साठ टेराबाइट.

स्टॉलवरची मुलगी पुण्याच्या कंपनीची,
पण "केळी" म्हणताना तिचा सूर यावलचा निघाला.
काका, रावेरपासून शहाद्यापर्यंत
जेवढ्या गाड्या भरल्या तेवढ्यांच्या वीस वर्षांच्या पावत्या
मावतील हिच्यात, वर तुमच्या घरची लग्नं.
मी विचारलं, आत फिरतं काय?
काहीच नाही.
तबकडी?
नाही.
तिला वाटलं, मी खूश होईन.

गोलाणी मार्केटात जिन्याखाली माझं दुकान.
अकरा वर्षं मेलेल्या हार्ड डिस्क कानाला लावतोय.
टक्, टक्, टक् म्हणजे हेड गेलं.
किरकिर म्हणजे बेअरिंग.
बारीक शीळ आणि मग गप्प, म्हणजे मोटर अडकली,
चहा मागवा, आशा आहे.
पारोळ्याचा शूटिंगवाला युवराज बडगुजर
अडतीस लग्नं पिशवीत घालून आला,
पिशवी छातीशी, जशी आत मांजर आहे.
मी ऐकलं. म्हटलं, सदतीस देतो.
अडतिसावं कोणाचं होतं
ते त्यानं अजून सांगितलेलं नाही.

हा कान माझा नव्हे.
नाना भुसावळच्या यार्डात चाकं ठोकायचे.
लांब दांड्याची हातोडी, रात्रपाळी,
गाडी थांबली की एका अंगाने जायचं, दुसऱ्या अंगाने यायचं.
ठण् आलं की पुढचं चाक.
बद्द आलं की खडू.
एकदा साहेब टॉर्च मारून म्हणाला,
सुपडू, मला तर काही दिसत नाही.
नाना म्हणाले, साहेब, मी पण पाहिलं नाही.
चाक उतरवलं. चीर निघाली,
नखात मावेल एवढी.

रिटायर झाल्यावर भांड्यांच्या दुकानात
पातेल्यांना टिचक्या मारत फिरायचे,
आई लाजून पुढे निघून जायची.

मी काचेवर वाकलो, कान लावला.
घरघर होती, पण ती पंख्याची.
पंख्याच्या मागे, त्याच्याही मागे
साठ टेराबाइट, आणि आवाज कसलाच नाही.
शेजारी साक्रीकडचा एक म्हातारा, पंप बघून आलेला,
माझ्याकडे बघत उभा.
काय म्हनस ती?
काहीच नाही म्हणत, बाबा.
मंग मरनी तं कसं समजी?

मुलगी हसली. मेसेज येतो ना, आधीच.
स्क्रीन वळवून दाखवली:
आयुष्य, शंभर टक्के.
मी ती ओळ दोनदा वाचली.
आयुष्याचा असा आकडा
मी अजून कुठल्या रिपोर्टात पाहिला नव्हता,
नानांच्या तर नाहीच.

निघताना तिनं पेन दिलं, पिशवी दिली,
आणि हिचीच प्लॅस्टिकची प्रतिकृती, आतून पोकळ,
टेबलावर ठेवायला.

दुकानात आल्यावर शटर अर्धं वर घेतलं,
ती गल्ल्याशेजारी ठेवली
आणि कोणी बघत नाही असं पाहून
बोटाचं हाड वाजवलं तिच्यावर.
बद्द.
प्लॅस्टिकच ते, दुसरं काय बोलणार.
तरी खडू कुठे ठेवलाय ते आठवत होतो,
जसा काही माझ्याकडे कधी खडू होता.

अर्ध्या शटरखालून दोन पाय दिसले,
चपलांवर पिवळी धूळ,
आणि कोणीतरी हळू विचारलं,
ऐकून बघता का जरा?