अळणी

रबाळ्याची रात्रपाळी उरकून मी ऐरोलीला पोचतो
तेव्हा लुर्दीन ओट्याशी उभी असते,
चिमट्यात परीक्षानळी,
शेजारच्या शेगडीवर चहा.
रात्रभर मी कंपनीत लोकांचं पाणी तपासतो.
घरची ही एक नळी मात्र तिची,
मला हात लावू देत नाही.

इग्नेशची सकाळची पहिली लघवी.
वर दुधाळ ढग धरला नाही
तर वहीत भोपळा.
भोपळा मिळाला म्हणून टाळ्या वाजतात
असं माझ्या ओळखीतलं हे एकच घर.

शाळा साडेनऊला भरते, जेवणाच्या टेबलावर,
क्रुसाची खूण करून.
ब्रिजिता सहावीत, इग्नेश तिसरीत,
कोपऱ्यात ब्रिजिताचा नेब्युलायझर,
तो कुठल्याच इयत्तेत नाही.
वर्गातून कुणाची सर्दी घरी आली
की आठवड्यात इग्नेशचे डोळे सुजतात.
म्हणून शाळाच घरी आणली.
लोकांना वाटतं, आम्ही फार देवभोळे.
तेही थोडं खरं आहे.
पण मूळ कारण शेंबूड.

गणिताला नवं पुस्तक लागलं नाही.
वहीतले भोपळे आणि अधिकची चिन्हं
मुलांनी आलेखकागदावर चढवली.
"हा डोंगर दिवाळीचा," इग्नेश पाहुण्यांना सांगतो,
"आणि हा नाताळचा, ह्यात मी हॉस्पिटलात होतो."

गेल्या महिन्यात, गुरुवारी, ढग आला.
तीन अधिक.
शुक्रवारी तीन अधिक.
डॉक्टरीणबाईंचा नियम असा, की सलग तीन दिवस दिसलं
तरच आजार परतला म्हणायचं.
रात्री रोझरी झाल्यावर इग्नेश म्हणाला,
तिसऱ्या दिवशी चांगलंच होतं ना, पपा?
क्रेदो त्याला तोंडपाठ आहे.
मी माळ खिळ्याला अडकवत राहिलो,
लागतो त्याहून जास्त वेळ.

शनिवारी नळी पेजेसारखी पांढरी झाली.
लुर्दीन गॅस बंद करायला विसरली.
मी केला.
नडगीवर अंगठा दाबून तिनं पाहिलं.
खळगा राहिला, सावकाश भरला.
पुन्हा त्या कडू गोळ्या,
पुन्हा गाल चंद्रासारखे, पुन्हा तो राक्षसी राग,
पुन्हा सगळं अळणी.

माझे पपा भाईंदरच्या मिठागरात मुकादम होते.
आंघोळ झाली तरी त्यांच्या टाचांच्या भेगांत
एक पांढरी रेघ उरायची.
कालवणात मीठ कमी पडलं
की मम्मीला विचारायचे, पाय चाटू काय माझा?
त्यांचा नातू आज फिका भात चिवडतो
आणि म्हणतो, ह्यात काय नाही ते ओळखा.

सोमवारी धर्मशिक्षणाच्या तासाला
नेमका मिठाचा उतारा आला.
लुर्दीन पान उलटणार होती,
इग्नेशनं तिच्या हातावर हात ठेवला.
"म्हणजे मी त्यांच्यात नाही?"
तिला काही सुचेना.
माझी डोळ्यांवरची झोप उडाली, पण मलाही सुचेना.
दर रविवारी मी वेदीपाशी वाचन करतो,
माझा आवाज चांगला आहे म्हणतात.

ब्रिजिता उठली.
मिठाच्या बरणीत बोट बुडवलं, चाटलं,
आणि निबंधाच्या वहीत लिहायला बसली.
वीस मिनिटं कुणी बोललं नाही.
खालून भंगारवाला ओरडत गेला.

तिनं वाचलं:
आधी काहीच नाही. मग जिभेला कुणीतरी
जिन्याखालून नावानं हाक मारतं.
जीभ ओ देते आणि धावत खाली जाते.

इग्नेश डोळे मिटून ऐकत होता,
सुजलेल्या पापण्या, मिटायला फार लागलं नाही.
मग वहीत डोकावला.
"जिभेला पहिली वेलांटी," तो म्हणाला,
"तू दुसरी दिलीस."
आणि थोड्या वेळानं,
परत वाच.