पाच सेकंद

कोपरखैरण्यात, टायरच्या दुकानावर
आमचं स्टेशन होतं.
भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले.
उन्हाळ्यात वास मारायचे,
पाहुणे विचारायचे, इथे स्वयंपाकही करता काय?
करायचो. कधीकधी मॅगी.

आता जांभळा फोम आहे. वास कसलाच नाही.

मालक बदलले ते मला पगाराच्या मेसेजवरून कळलं.
बँक तीच, पाठवणाऱ्याचं नाव लांबलचक,
शेवटी होल्डिंग्ज.
नऊ जणांतला मी एकटा उरलो.
लाल दिवा लागलाय का, एसी गळतोय का,
एवढंच बघायचं.

गाणी वरून येतात. वरून म्हणजे कुठून
हे मी एकदा फोनवर विचारलं होतं,
तर तिकीट नंबर मिळाला.

सकाळचा पोरगा ओजस, आवाज गोड आहे त्याचा,
अकरा शहरांना एकाच श्वासात उठवतो.
'गुड मॉर्निंग' म्हणून थोडा थांबतो,
त्या फटीत मशीन आमच्या शहराचं नाव बसवतं.
नाव जरा वेगळ्याच पट्टीत येतं,
उसन्या शर्टाच्या बटणासारखं.
परवा म्हणाला, बाहेर काय मस्त गारवा आहे!
खाली टायरवाला बनियनवर बसला होता.

पूर्वी आम्ही सांगायचो
घणसोलीत उद्या पाणी नाही,
रबाळ्याच्या दुसऱ्या शिफ्टची बस तुर्भ्याला बंद पडलीय,
दिवाळ्याच्या जेटीवर बोंबील आलेत, स्वस्त आहेत.
एकदा एका बाईची बकरी हरवली होती,
ती दोन गाण्यांच्या मध्ये सापडली.

आणि गुरुवारी धाकलीबाई मढवी.
धवलारीण. साडेतीनशे लग्नं तिने गाऊन लावलेली.
माइकसमोर मांडी घालायची, खुर्ची नको म्हणायची.
तिच्याही गाण्यात रिकामी जागा असते,
नवरीच्या नावाची, मामाच्या, करवलीच्या.
पण ती आधी विचारून घेते,
आत्या किती, वारलंय कोण,
कोणाचं कोणाशी बोलणं नाही.
मग दोन कडव्यांच्या मध्ये थांबते.
कशाला थांबते, माहीत नाही.
मी कधी तिचा आवाज खाली केला नाही,
पंख्याची घरघर तेवढी हवेत जायची,
ऐकणारे थांबायचे.

नव्या यंत्रात शांततेला मर्यादा आहे.
पाच सेकंद.
सहाव्याला अलार्म, सातव्याला
कुठल्याशा सर्व्हरवरून जाहिरात आपोआप सुरू होते,
बहुतेक वेळा घरांची.

तिला कोणी कळवलं नव्हतं. मीही नाही.
ती आली, केसात अबोलीचा वळेसर, पिशवीत पाण्याची बाटली.
गार्डने रजिस्टर पुढे केलं,
'कोणाला भेटायचंय'च्या रकान्यावर बोट ठेवलं.
"बाला, आज बेस्तरवार हाय ना?" तिने विचारलं.
मी जिन्यात उभा होतो. वरच्या वळणावर.
उतरलो नाही.
त्याने तिला अंगठा मागितला, तिने सही केली,
सावकाश, पूर्ण नावाची,
आणि परत गेली.
तिच्या रेकॉर्डिंगची डिस्क तोवर
भंगाराच्या यादीत गेली होती, क्रमांक सव्वीस.
यादी मीच टाइप केली होती.

मार्चमध्ये गोठिवलीला एका हळदीला गेलो.
मांडवाला उंबराची डहाळी, डीजे अजून यायचा होता,
आणि कोपऱ्यात ती. थोडी वाळलेली.
तिने मला पाहिलं की नाही, सांगता येत नाही.
कडवं संपलं. थांबली.
माझा हात आपोआप उठला,
तीन, चार, पाच,
मी तो पाठीमागे धरून ठेवला.
सहा.
कोणीतरी वाटीत हळद कालवत होतं,
एक पोर रडून दमलं होतं.
नऊ. दहा.

मग तिने नवरीच्या आजीचं नाव घेतलं.