उजव्या अंगाचा वारा

गुरुवारी सव्वासहाला पहिला भोंगा.
त्याआधी मी चष्मा पुसते, पेन्सिलीला टोक काढते
आणि लविनियाच्या लॉबस्टरच्या बोटीवर, खेकड्यांच्या वासात,
निळा बावटा चढवते. दोरीला मागच्या हंगामातली एक गाठ आहे,
ती सोडवायची राहूनच जाते.

स्नायडरच्या खाडीत आमच्या क्लबाच्या सात होड्या.
आठवी किनाऱ्यावर उपडी, तिच्याखाली मांजर व्यायली,
म्हणून यंदा तिची वर्गणी माफ.
क्लब म्हणजे मासे खारवायची जुनी वखार,
गॅसची शेगडी, बावीस खुर्च्या (धड एकोणीस),
आणि भिंतीवर जिंकणाऱ्यांच्या पाट्या.
सोनेरी रंग संपला तेव्हापासून
नावं पिवळ्या रंगात.

झ्विकर हे आडनाव तिथे एकोणतीस वेळा.
निम्मी विन्स्लोची, निम्मी ऑब्रीची,
उरलेलं एक कुणाचं, ते क्लबात विचारू नये.

सख्खे भाऊ. नऊ वर्षं बोलत नाहीत.
कुणी म्हणतं आईच्या वाटणीच्या रानावरून,
कुणी म्हणतं एका तक्रार अर्जावरून,
जो मीच टाइप केला होता:
‘बोयाला वळसा घालताना धक्का.’
मला वाटतं, खरं कारण
आता त्या दोघांनाही धड आठवत नसावं.

पण पाण्यावर बोलायचे.
नियमच तसा.
ज्याच्या उजव्या अंगाला वारा, वाट त्याची.
डाव्या अंगाला असेल त्याने मुकाट वळायचं.
आणि उजव्याने ओरडायचं: स्टारबोर्ड!
नऊ वर्षांत एका भावाने दुसऱ्याला
दिलेला शब्द हा एवढाच,
दर गुरुवारी, कधी तीनदा, कधी चारदा,
मे महिन्यापासून सप्टेंबरच्या धुक्यापर्यंत.

मार्चमध्ये हॅलिफॅक्सला
विन्स्लोचा गळा चिरला डॉक्टरांनी.
गाठ निघाली, आवाजही निघाला.
आता गळ्याशी भोक, त्यावर रुमाल,
आणि खिशात छोटी वही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाण्यापासून लांब राहा.
त्याने वहीत लिहिलं: पाण्यात नाही जात. पाण्यावर जातो.

जूनचा दुसरा गुरुवार. दुसरी फेरी.
दुर्बिणीत दोन शिडं एकमेकांकडे येताना,
विन्स्लो उजव्या वाऱ्यावर,
ऑब्री डाव्या, त्याच्या शिडाआड अर्धी खाडी,
त्याची सोबतीण ग्रेटा, तेरा वर्षांची,
दोर धरून भलतीकडेच बघत.

विन्स्लोचं तोंड उघडलेलं मला दिसलं.
तोंडच फक्त.

दहा हात. आठ.
माझ्या हातात भोंगा होता, आणि तो वाजवायचा
मला काहीएक अधिकार नव्हता.

मग शब्द आला.
स्टारबोर्ड!
दुसऱ्या होडीवरून.
ऑब्री ओरडला, स्वतःवरच,
जसा काही कुणी अडाणी परका आडवा आलाय,
आणि सुकाणू ओढून
भावाच्या पाठीमागून, त्याच्या फेसातून, निघून गेला.

ग्रेटाने नंतर विचारलं म्हणे,
डावा वारा तर आपला होता, मग तुम्ही का ओरडलात?
कुणीतरी ओरडायला हवं होतं, तो म्हणाला. नियम आहे.

वखारीत हॅडकचं सूप. लविनियाने मीठ जास्त घातलं होतं
आणि कुणी बोललं नाही.
विन्स्लोला सूप थंड करून लागतं.
ऑब्री दूरच्या टेबलावर, पाठ करून.
मी सवलतीचा हिशोब दोनदा मांडला:
ऑब्री चार सेकंदांनी हरला.
आकडा वाचला तेव्हा विन्स्लोने वही काढली,
पान उघडलं, पेन धरलं,
आणि तसंच मिटलं.
जाताना मोडक्या तीन खुर्च्यांतली एक
बगलेत मारून घरी घेऊन गेला, दुरुस्तीला.

निकालाच्या वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तिथे मी हवामान लिहिते.
त्या रात्री बराच वेळ बसले. मग लिहिलं:
नैर्ऋत्येचा वारा, बारा नॉट.
आवाज लांबपर्यंत जात होता.