पट्टीच्या पाठीवर

आदगोंडा मगदूम, सांगलीत हळदीच्या अडतीवर दिवाणजी.
त्याची कविता नऊ ओळींपुढे कधी गेली नाही.
पुण्याहून आलेले एक गृहस्थ व्याख्यानात म्हणाले,
'हा संयम.'
आदगोंडा मागच्या खुर्चीत हसला.
तोलाईची पट्टीच तेवढी लांब असते.

मी त्याच अडतीवर तोलार.
ओळ सुचली की तो मला 'थांब' म्हणायचा
आणि पोतं काट्याला डुलत राहायचं.

हरिपूरच्या पेवात थोरला भाऊ उतरला
तेव्हा आधी कंदील सोडला नव्हता कुणी.
घाई होती. सौद्याची वेळ झालेली.
त्या रात्री आईनं याचं मनगट धरलं:
'ह्येचं गाणं करू नगंस.'
यानं नेम घेतला.
महाराजांपुढे नाही, बस्तीत नाही,
विझल्या चुलीपुढे.

बाजारात 'वायदा' हा शब्द दिवसातून शंभरदा.
लोक करतात, फिरवतात,
नफा दिसला तर विकूनही टाकतात.
याचा एकच होता. चाळीस वर्षं.

आता तो नाही. पट्ट्या मी लावतोय.
बोटं पिवळी, शाई विटलेली.
भाऊ कुठंच नाही. पेव नाही. हरिपूरसुद्धा नाही.
पण पुतणीच्या लग्नावरच्या कवितेत
कुणीतरी दोर हळूहळू सोडतंय,
बारशाच्या कवितेत वात उगाच बारीक होते.
नेम पाळला म्हणू का मोडला,
आई असती तर तिला विचारलं असतं.

आणि ही एक पट्टी, तारीख नसलेली.
वजनाच्या रकान्यात नुसतं
'थांब'.