एकदा दारावरून

पैसे नकोत, म्हणाली मरियमबी
हँडलवरची कोंबडी हुसकत.
"चालू झाली की एकदा दारावरून ने. बस."
सीटच्या स्पंजात तीन अंडी होती,
ती तिने आधी काढून घेतली,
मग जावा माझी झाली.

दाभोळात लोखंड कुणाच्या मालकीचं नसतं,
खाडीने ते उसनं दिलेलं असतं.
एकवीस वर्षं तिची वसुली चालू होती:
स्पोक, मडगार्ड, साखळीचा दुवा न् दुवा.
नट फिरेनात.
नाटेकर मेस्त्री, ज्याचं आयुष्य बोटींच्या इंजिनांत गेलं,
म्हणाला, घाई करशील तर तोडशील.
आठ दिवस खोबरेल पाजलं.
नवव्या रात्री एक नट कुरकुरला
आणि मी कुणाला तरी सांगावं म्हणून घरात गेलो.
सगळे झोपले होते.

मी पतपेढीत लोकांची थकबाकी लिहितो.
स्वतःची वही मागच्या पानापासून सुरू केली:
चिपळूणला बोअर, रिंगा.
कोल्हापूरला क्रोम, एसटीच्या पार्सलने जाऊन-येऊन.
कार्ब्युरेटर पुण्याहून, चुकीचा.
पुन्हा कार्ब्युरेटर.
अठ्ठेचाळीस हजारांनंतर बेरीज सोडून दिली.
डाव्या अंगठ्याचं नख लिहिलं नाही.
धोपाव्याची हळद, जिला मी पोचलोच नाही,
फेरीबोट समोर दिसत असून, तीही नाही.
हेमलता सहा महिने रॉकेलच्या वासाशेजारी झोपली.
एकदाच म्हणाली,
"तिला तरी कळतं का, तू तिच्यासाठी काय करतोस?"
हे कुठल्या रकान्यात घालू?

टाकी घासताना रंगाखाली रंग निघत गेला.
वर निळा, होडी रंगवून उरलेला.
त्याखाली हिरवा, तोही होडीचाच.
आणि अगदी तळाशी, पैशाएवढ्या ठिपक्यात, मूळचा मरून,
कोकमाच्या ओल्या सालीसारखा.
ताट वाढलेलं राहिलं. मी बघत बसलो.

पॉइंटचं अंतर पोस्टकार्डाच्या जाडीएवढं ठेव, मेस्त्री म्हणाला.
पोस्टकार्ड शोधण्यात अख्खा रविवार गेला.
सापडलं ते माझ्याच वडिलांचं,
पुसट झालेलं, त्यात
"पैसे जपून वापर" एवढंच वाचता येत होतं.

मग एका मंगळवारी, भरती वर येताना,
बाराव्या की तेराव्या किकला
तिने निळा धूर सोडून
अख्ख्या आळीचे कुत्रे उठवले.
अकरा सेकंद. मग बंद.
पण तेवढ्यात मेस्त्रीच्या तोंडातली विडी पडली
आणि तो ती उचलायला विसरला.

शुक्रवारी, जुम्म्याची नमाज सुटल्यावर, गेलो.
नवे जोडसायलेन्सर, त्यांत बघून भांग पाडावा असे.
मरियमबी उंबऱ्यात आली,
मान वाकडी करून ऐकत राहिली,
गाडीकडे न बघता.
"छान झाली," म्हणाली.
"पण ह्यो त्यांचा आवाज नाय.
उजव्या नळीला भोक होतं, फडफडायची.
धक्क्यावरून निघाले की हितं कळायचं,
मी तवा ठेवायची."

मी इंजिन बंद केलं.
बोलायला काही सापडेना.
तिने दोन अंडी दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून.
येताना गाडी सुरेख चालली.
खरंच सुरेख चालली, चढावरसुद्धा,
आणि अंडी फुटली नाहीत.

जुने सायलेन्सर न्हाणीघरामागे पडले होते,
वालाचा वेल चढला होता त्यांवर.
उजवा कुठला, डावा कुठला, अंधारात कळेना.
हेमलताने बॅटरी धरली.
मी एकेकात फुंकून बघितलं.
एकातून माती पडली.
दुसऱ्यात फुंकलेलं मधूनच निसटलं
आणि माझ्या मनगटाला लागलं.