तिसरा पक्षी

फोर्टातल्या त्या कचेरीत दर महिन्याला
परदेशातून एक जाड पाकीट यायचं.
आत तीन-तीन चौकटींचे तीस विनोद.
त्यांचं मराठी करायचं काम माझ्याकडे,
कारण मी नवी होते, आणि दिघ्यांनी
"तू कॉन्व्हेंटची ना?" असं एकदाच विचारलं होतं.

पहिल्या चौकटीत एक टकलू माणूस फावड्यानं बर्फ उपसतो.
दुसरीत कंबर धरून उभा राहतो.
तिसरीत एक गाडी जाते आणि बर्फ पुन्हा जिथल्या तिथे.
कुत्रा म्हणतो, "मंगळवार."
एवढंच.
मंगळवार.

मी शब्दकोश काढला. मंगळवारला दुसरा अर्थ नव्हता.
प्रुफं तपासणारे फोंडेकर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
बर्फ भुशात असतो, गोणपाटाखाली,
ससून डॉकला पहाटे जाऊन बघ.
याच्या दारात एवढा ओतला कुणी?
आणि पैसे?
मग स्वतःशीच म्हणाले, मंगळवारचा उपास असेल कुत्र्याला.
दिघे म्हणाले, बाई, छापा. हसणारे हसतील.

छापलं.
कुणी हसल्याचं कानावर आलं नाही.

आठ दिवसांनी एक पोस्टकार्ड,
निळी शाई, पट्टीनं आखल्यासारख्या ओळी:
"स. न. वि. वि. मंगळवारच्या चित्रातील विनोद कळला नाही.
घरी तिघांनी पाहिले. शेजारच्या मुलासही दाखवले,
तो सायन्सला आहे.
पहिल्या चौकटीत कुंपणावर पक्षी तीन.
तिसऱ्या चौकटीत दोन.
एक कोठे गेला? तोच विनोद काय? कळवावे.
हरिश्चंद्र मयेकर, निवृत्त टॅली क्लार्क, गोदी.
मु. अँटॉप हिल, सेक्टर सात."

मी चित्र खिडकीशी नेलं.
तीन.
दोन.
बत्तीस वर्षं बोटींवरून उतरणारी पोती मोजलेला माणूस,
त्याची मोजणी कशी चुकेल?
चित्रकार विसरला असेल,
कुठल्याशा थंड गावात, कॉफी गार होता होता.
किंवा
विसरला नसेल.

मग कार्डं येतच राहिली.
बाईची पिशवी मधल्या चौकटीत डाव्या हातात कशी?
यांच्या भिंतीवर बारा महिने सव्वाचार का?
टर्की म्हणजे मोठी कोंबडी, असे आपणच छापले,
मग ती पळाल्यावर घरादाराला सुतक का?
(तो सण मी दिवाळी केला होता.
चूक माझीच.)

एका शनिवारी पेस्टिंगच्या रऊफनं घाईघाईत
चौकटी उलट्या चिकटवल्या, तीन, दोन, एक.
रविवारभर माझ्या पोटात गोळा.
कार्ड आलं:
"आजचा समजला. उत्तम होता.
सौ. अंथरुणास खिळून आहे, तीही हसली."
रऊफला वाचून दाखवलं.
म्हणाला, दीदी, रोज उलटंच लावू का?

फेब्रुवारीत करार संपला.
त्या जागी, तेवढ्याच मापाची,
दादरच्या साडी सेलची जाहिरात आली.
कुणाची तक्रार नाही.
फक्त:
"आज कुत्रा नाही. एक बाई पदर धरून उभी,
खाली दुकानाचा पत्ता, पंचवीस टक्के.
आम्ही दिवेलागणीपर्यंत पाहत होतो.
हाही कळला नाही. कळवावे."

इतक्या कार्डांत मी एकालाही उत्तर दिलं नव्हतं.
त्या दिवशी कागद घेतला.
बर्फाबद्दल लिहिलं, खोडलं.
जाहिरातीबद्दल लिहिणार होते,
पण दिवेलागणीपर्यंत, हा शब्द मध्येच आडवा पडून होता.
फोंडेकर डबा आवरून निघून गेले, पंखा बंद करून.

शेवटी कचेरीच्या भाषेत एकच ओळ:
"आपल्या तिसऱ्या पक्ष्याची चौकशी चालू आहे."
आणि दिघे जागेवर नाहीत असं बघून
खाली त्यांचा शिक्का मारला.